सॉफ्टवेअरची बाजार समिती

नागपूरच्या कळमना बाजारात सकाळचा लिलाव आटोपला की गाळ्यांमध्ये एकदम सामसूम होते. हमाल चहाला जातात आणि मुनीमजी पट्ट्या काढायला बसतात. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद: इतके क्रेट संत्रा, हा भाव, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा, उरलेले एवढे. या पट्ट्या काढणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. कळमना, काटोल, वरुड मिळून चाळीसेक ठिकाणी ते चालतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडली की वजन आपोआप पडद्यावर येतं, एवढीच त्यातली करामत.

गेल्या हंगामात एका मुनीमजींनी नवा कॉम्प्युटर घेतला. मी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून दिली आणि निवांत जेवायला बसलो. दहा मिनिटांत फोन.

"भाऊ, हे निळं काय आलं? विंडोजनं तुमचा पीसी वाचवला असं म्हणून राहिलं. व्हायरस तर नाही ना टाकला तुम्ही?"

"नाही हो मुनीमजी. तिथं 'अधिक माहिती' लिहिलंय ना, त्यावर दाबा. मग खाली 'तरीही चालवा' येईल."

"तरीही? म्हणजे काहीतरी आहेच ना!"

शेवटी गाडी काढून कळमन्याला गेलो, पेन ड्राइव्हवरून टाकून दिलं. तेव्हा ती निळी पाटी आली नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. चहा पिताना मुनीमजींनी विचारलं, "मोबाइलात पाहा, प्ले स्टोअरवर गेलं की एका बोटात येते. तुमचं काहून नाही तिथं?"

मी तिथं जे उत्तर दिलं ते त्यांना अर्धंच पटलं. नीट उत्तर द्यायला बाजार समितीपासूनच सुरुवात करायला हवी होती, आणि आम्ही बसलोही तिथंच होतो.

बाजार समिती काय देते? जागा देते, प्रमाणित काटा देते, पैसे बुडणार नाहीत याची बऱ्यापैकी खात्री देते, आणि या सगळ्याबद्दल कुणाकडून तरी काही टक्के घेते. ॲप स्टोअर तेच करतं. जागा, तपासणी, पैशाची वसुली, अपडेट घरपोच, आणि वर अडत. सगळे अडतीच्या टक्क्यावरून भांडतात. मला मात्र वाटतं, टक्का ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट ही की सॉफ्टवेअरची हमी कोण घेतो ते बदललं.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत सॉफ्टवेअर बर्डीच्या बाजारात मिळायचं. दुकानदार ड्रॉवरमधून सीडी काढायचा, त्यावर मार्करने नाव लिहिलेलं असायचं. पायरेटेडच असायचं, खोटं कशाला बोला. पण चाललं नाही तर त्याच्या काउंटरवर जाऊन भांडता यायचं. मराठी डीटीपीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल यायचं, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, ती प्रिंटरच्या पोर्टला लावायची, आणि ते हरवलं की सॉफ्टवेअर गेलं. लग्नपत्रिका छापणारे लोक रात्री डोंगल काढून घरी नेत. मासिकांबरोबर सीडी यायच्या, त्यातल्या वस्तूंची हमी संपादक घ्यायचा. म्हणजे कुणीतरी ओळखीचं माणूस मध्ये असायचंच.

इंटरनेट आलं आणि हा मधला माणूस गेला. सॉफ्टवेअर थेट बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यायचं, हे ऐकायला छान. प्रत्यक्षात लोक सर्च करायचे आणि पहिली जी साइट दिसेल तिथून उतरवायचे. पानावर तीन हिरवी 'डाउनलोड' बटणं, त्यातली दोन जाहिरातींची. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर एकदा ब्राउझरच्या डोक्यावर चार टूलबार होते, खालचं पान जेमतेम दोन बोटं दिसत होतं. तिला वाटायचं, ते तसंच असतं.

हे फक्त भुरट्या साइटवर होतं असंही नाही. एनमॅप हे नेटवर्क तपासायचं नावाजलेलं मोफत साधन. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने त्याच्यासारखी सॉफ्टवेअरं आपल्या वेष्टनात घालून, टूलबारसकट द्यायला सुरुवात केली आणि एनमॅपच्या कर्त्याने जाहीर बोंब मारली. जिंपची गोष्ट आणखी बोलकी. फोटो सुधारायचं हे मोफत सॉफ्टवेअर सोर्सफोर्ज या साइटवर असायचं. २०१३ मध्ये जिंपवाल्यांनी ती साइट सोडली. २०१५ मध्ये लक्षात आलं की तिथं जिंपच्या नावाने मिळणाऱ्या विंडोज इन्स्टॉलरला साइटनेच जाहिरातींचं लटांबर जोडलंय. बनवणारा निघून गेला तरी पाटी त्याचीच, माल मात्र मिसळलेला. बाजारात क्रेटवर एका बागेचं नाव आणि आत दुसऱ्याच बागेची फळं निघाली तर जे होईल, तेच.

अशा वेळी कुणी म्हणालं की आम्ही एकच दुकान काढतो, तिथं तपासलेलाच माल मिळेल, तर लोक का नाही जाणार?

आता हे एकच दुकान ॲपलने शोधलं अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे ते आधीपासून होतं. १९९९ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २.१ आवृत्तीबरोबर एपीटी आलं. एक आज्ञा टाइप करायची, मशीन स्वतः भांडारात जाऊन सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे सुटे भाग आणून बसवणार, आणि पुढे अपडेटही करणार. फरक इतकाच की ते दुकान नव्हतं, सभासदांनी चालवलेलं ग्राहक भांडार होतं. अडत नाही, गल्ला नाही. मूळ लेखकाचा कोड घेऊन भांडाराचे स्वयंसेवक तो स्वतः बांधतात, म्हणजे हमी त्यांची. लेखकाला त्यांच्या दारात उभं राहावं लागत नाही. त्यांच्या भांडारात नसलेलं काही हवं असेल तर दुसऱ्या भांडाराचा पत्ता जोडायचा, कुणी अडवत नाही. यात दुखणं एकच: भांडारातली आवृत्ती कधी कधी दोन वर्षं जुनी असते, आणि ग्राहक लेखकाला शिव्या घालत असतो अशा चुकीबद्दल जी त्याने कधीच दुरुस्त केलेली आहे.

ॲपलचं फोनवरचं दुकान १० जुलै २००८ ला उघडलं, आणि तेच गणित घेऊन ६ जानेवारी २०११ ला मॅकवर आलं. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर हे खरोखर सुखाचं होतं. सिरियल नंबर नाही, डोंगल नाही. एकदा विकत घेतलं की आपल्या सगळ्या मॅकवर चालतं, मशीन बदललं तरी पावती शोधत बसायला नको. डेव्हलपरच्या बाजूने: जगभरातून कार्डाचे पैसे गोळा करायची, अनेक देशांतले कर भरायची कटकट दुकानदाराकडे. त्याबद्दल शंभरातले तीस त्याचे. २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत धंदा असेल तर मागणी केल्यावर पंधरा. शिवाय डेव्हलपर म्हणून नाव नोंदवायचे वर्षाला ९९ डॉलर वेगळे.

तीस टक्के ऐकून कळमन्याचे मुनीमजी हसले. "एवढी अडत लावली तर आमच्या इथं दंगल होईल!" पण आमचे काही मित्र म्हणायचे, ठीक आहे, सत्तर तर सत्तर, विक्री दुप्पट होईल. काहींची झालीही. दुखलं ते वेगळ्याच जागी.

पहिलं, गिऱ्हाईकच दिसेना. थेट विकलं की माझ्याकडे नाव असतं, फोन असतो. दुकानातून विकलं की महिन्याला आकडा येतो, या देशात इतके, त्या देशात इतके. कुणी एक तारा देऊन 'चालत नाही' असं लिहून गेला तर त्याला फोन करून 'दादा, काट्याची वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा' असं सांगायची सोय नाही.

दुसरं, जुन्या गिऱ्हाइकाला सवलत देता येईना. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. नवी आवृत्ती आली की ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना निम्म्या किमतीत देतो. जुनं ते आपलं माणूस. मॅकच्या दुकानात अशी सोयच ठेवलेली नव्हती. एक तर सगळ्यांना नवी आवृत्ती जन्मभर फुकट, नाही तर नवं ॲप म्हणून पुन्हा पूर्ण किंमत. वापरून बघायला पंधरा दिवस द्यायचीही नीट वाट नव्हती, एकरकमी विकल्या जाणाऱ्या ॲपसाठी ती २०१८ मध्ये नियमात आली, तीही आडवळणाने. यातून एक परिणाम निघाला जो आज सगळ्यांच्या खिशाला जाणवतो, पण त्याचं मूळ फार कमी लोकांना माहीत असतं. विकून पुन्हा विकता येत नसेल तर भाड्याने द्या. दरमहा वर्गणी. वर्गणीचं पीक येण्याची इतरही कारणं आहेत, ती नाकारत नाही. पण दुकानाच्या मांडणीत 'जुन्या गिऱ्हाइकाला निम्म्यात' हा खणच नव्हता, हे त्यातलं एक मोठं कारण.

तिसरं दुखणं सँडबॉक्सचं, आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

पूर्वी कॉम्प्युटरवर चढवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर म्हणजे घरात घेतलेला पाहुणा. त्याला सगळ्या खोल्या मोकळ्या. तुमची कागदपत्रं, फोटो, बँकेच्या फाइली, काहीही त्याला वाचता येई. सँडबॉक्स म्हणजे त्याला भाडेकरू करणं. एक खोली दिली, किल्ली तिचीच. स्वयंपाकघरात जायचं असेल तर विचारायचं, आणि कशासाठी ते आधी करारात लिहिलेलं हवं. ॲपलने दोनदा मुदत वाढवून १ जून २०१२ पासून मॅकच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरला हे बंधनकारक केलं.

वापरणाऱ्यासाठी हे चांगलंच आहे. टॉर्चच्या ॲपला तुमच्या हिशेबाच्या वहीत डोकवायचं काही कारण नाही. पण फोन आणि कॉम्प्युटर यांत फरक आहे. कॉम्प्युटर लोक घेतातच मुळी वस्तू एकमेकींना जोडायला. माझ्या सॉफ्टवेअरला काट्याचं पोर्ट लागतं, लेबल प्रिंटर लागतो, बाजूच्या कॅबिनमधल्या मालकाच्या मशीनवरची वही लागते, आणि रात्री बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर टाकायचा असतो. एका खोलीत बसून यातलं निम्मंही होत नाही. मोठमोठ्यांची हीच अडचण झाली. वेबसाइट बनवणाऱ्यांचं आवडतं कोडा आणि मजकूर संपादनातलं जुनं खोड बीबीएडिट, दोघेही २०१४ मध्ये दुकानाबाहेर पडले. डिसेंबर २०१५ मध्ये डिझाइनवाल्यांचं स्केच गेलं. पुढे नियम थोडे सैल झाले, दुकान नव्याने सजलं, आणि २०१९ मध्ये बीबीएडिट परत आलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं ऑफिससुद्धा तिथं मिळू लागलं. पण मधल्या काळात लोकांना कळून चुकलं होतं की डेस्कटॉपवर दुकानाबाहेरही संसार होतो.

विंडोजवर तर हे फार लवकर कळलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर दुकान उघडलं, पण त्यात फक्त नव्या धर्तीची, टॅबलेटला शोभतील अशी ॲप्स विकता येत होती. वीस वर्षांत जगाने विंडोजसाठी जे काही लिहिलं होतं ते सगळं दाराबाहेर. दुकान रिकामं दिसू नये म्हणून मग काय काय आत आलं कोण जाणे. मोफत सॉफ्टवेअरच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून पैसे उकळणारी ॲप्स इतकी झाली की ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दीड हजारांहून जास्त काढून टाकावी लागली. ज्या तपासणीसाठी दुकान काढलं, तीच नव्हती. २०१७ मध्ये फक्त दुकानातलंच सॉफ्टवेअर चालवणारं विंडोज १० एस काढून पाहिलं. ते घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी विचारलं असेल, यात टॅली कसं टाकू?

धरमपेठेतल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात जाऊन बघा. टॅली आहे, ते पार्टनरचा मुलगा येऊन टाकून जातो. जीएसटीच्या पोर्टलवर सही करायला एमसाइनर लागतं, ते साइटवरून उतरवलेलं. प्राप्तिकराच्या ऑफलाइन युटिलिटी, त्याही साइटवरून. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर कुणी तरी पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलेला. खाली टास्कबारवर दुकानाची पिशवी दिसते, पण तिला कुणी हात लावत नाही.

म्हणून २०२१ मध्ये विंडोज ११ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने सरळ माघार घेतली. जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअरही चालेल, पैसे वसूल करायची स्वतःची व्यवस्था असेल तर गेम सोडून बाकी ॲप्सवर आम्हाला एक पैसाही नको. गेमवरची अडत तीसवरून बारावर आणली. २०२५ मध्ये एकट्या डेव्हलपरची नोंदणी फुकट केली.

हे औदार्य कुठून आलं? जिथं मागचं दार उघडं असतं तिथं बाजाराला गोडीगुलाबीने वागावं लागतं. आपल्याकडे २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्यावर टाकली. शेतकऱ्याला बाहेर विकायची मुभा मिळाली. तरी कळमन्याला संत्रा येतोच, कारण एका जागी शंभर घेणारे दुसरीकडे कुठे भेटणार? विंडोजच्या दुकानाला ते शंभर घेणारे जमवता आले नाहीत. आयफोनवर मागच्या दाराला कुलूप होतं, म्हणून तिथं तीस टक्के टिकले. तिथं दुसऱ्या दुकानांना वाट मिळायला २०२४ मध्ये युरोपीय संघाचा कायदा लागला, तीही सुरुवातीला फक्त युरोपात.

डेस्कटॉपवर एकच दुकान खऱ्या अर्थाने जिंकलं, ते गेमचं. स्टीम, २००३ पासून. मागचं दार सताड उघडं असताना लोक तिथं रांगा लावून जातात आणि तीस टक्के देतात. कारण तिथं मित्र आहेत, खेळ कुठे थांबवला होता ते कुठल्याही मशीनवर आठवतं, आणि दिवाळीसारखे सेल लागतात. स्टीमने २०१८ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर विकणाऱ्याला पंचवीस आणि पाच कोटींच्या वर वीस टक्के केले. मोठ्या बागायतदाराला अडत कमी, दहा क्रेटवाल्याला पूर्ण. हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरात एपिक या गेम कंपनीने बारा टक्क्यांचं दुकान समोर थाटलं.

एक वेगळाच नमुना क्रिताचा. चित्रं काढायचं हे सॉफ्टवेअर स्वतःच्या साइटवर मोफत आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात व स्टीमवर तेच पैसे देऊन मिळतं. लबाडी नाही, ते स्वतःच सांगतात. पैसे देणारा अपडेट आपोआप येण्याचे देतो, आणि कलावंतांना हातभार म्हणून देतो. दुकान नेमकं काय विकतं ते एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलं नाही.

मग दुकान हरलं असं समजायचं का? मी बरीच वर्षं तसंच समजत होतो. त्या निळ्या पाटीने डोळे उघडले.

झालं असं की दुकानाने केलेली तपासणी दुकानातून बाहेर पडून थेट घराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मॅकवर २०१२ मध्ये गेटकीपर आला. नावच पहारेकरी. सॉफ्टवेअर कुठूनही आणा, त्यावर ॲपलकडे नोंदलेल्या डेव्हलपरची डिजिटल सही नसेल तर तो अडवणार. मॅकच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून सहीवर भागेना, बाहेर विकायचं सॉफ्टवेअरसुद्धा आधी ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवून शिक्का आणायचा. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की पहारेकऱ्याला बाजूला सारता यायचं. २०२४ मध्ये ती पायवाटही बुजवली, आता सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते.

विंडोजचा पहारेकरी म्हणजे स्मार्टस्क्रीन. त्याची रीत वेगळी आहे आणि माझ्यासारख्याला ती जास्त जाचते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं. तो शिक्का दिसला की स्मार्टस्क्रीन विचारतं, ही फाइल कुणाची, आणि आजवर किती लोकांनी बिनघोर चालवली? पेन ड्राइव्हवरून नेलेल्या फाइलवर बहुधा तो शिक्का नसतो, म्हणून मुनीमजींकडे दुसऱ्या वेळी पाटी आली नाही. हजारो लोक उतरवतात त्या सॉफ्टवेअरची ओळख दोन दिवसांत होते. माझे ग्राहक चाळीस. त्यातले निम्मे पेन ड्राइव्हवाले. मी दर हंगामाला नवी आवृत्ती काढतो, म्हणजे फाइल नवी, म्हणजे ओळख पुन्हा शून्यापासून.

सही असती तर थोडी ओळख सहीमागे जमत गेली असती. माझी सही नव्हती, ही माझी चूक, पहारेकऱ्याची नाही. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, वर्षाकाठी खर्च हजारोंच्या घरात. आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवून चालत नाही, सुरक्षित हार्डवेअरमध्येच हवी. म्हणजे सीएकडे डिजिटल सहीचं टोकन असतं तसलंच टोकन. डोंगल पुन्हा घरी आलं म्हणा ना. पूर्वी गिऱ्हाइकाच्या मशीनला लागायचं, आता माझ्या.

यात पहारेकऱ्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. मावशीचे चार टूलबार मी विसरलेलो नाही. पण एकाच दारावर सगळं अवलंबून ठेवलं की काय होतं तेही दिसलंय. नोव्हेंबर २०१५ मध्ये ॲपलच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरात मॅकच्या दुकानातून पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअरं उघडेनाशी झाली, वर 'हे ॲप खराब झालंय' असा संदेश. काहीही खराब झालेलं नव्हतं. १२ नोव्हेंबर २०२० ला ॲपलचा तपासणीचा एक सर्व्हर रखडला आणि लोकांच्या मॅकवर साधी ॲप्स उघडायला ताटकळू लागली. यातली कित्येक दुकानातून घेतलेली नव्हतीच. विकत बाहेरून घ्या, पण उघडताना विचारायचं तिथेच.

लिनक्सच्या जगातही हा वाद पोचलाय. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार, त्याच्या स्नॅप दुकानाचा सर्व्हर कॅनॉनिकल कंपनीच्या हातात, त्याचा कोड बंद. म्हणून २०२० मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराने स्नॅप आपल्याकडे मुळातच बंद ठेवलं. ग्राहक भांडारात वाढलेल्या लोकांना एकाच मालकाचा गल्ला रुचला नाही, इतकंच.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. त्या निळ्या पाटीनंतर मी आधी एका दुकानाकडे सॉफ्टवेअर पाठवलं. आठवड्याने नकार आला: ॲप उघडतं पण काहीच करत नाही. खरंच होतं. तपासणाऱ्याकडे संत्र्याचा काटा कुठून असणार? काटा जोडल्याशिवाय माझा पहिला पडदा पुढेच सरकत नव्हता. मग 'काटा नाही, खोटं वजन घ्या' असं एक बटण टाकलं. ते आता मला स्वतःलाच फार उपयोगी पडतं, पोराला दाखवायला.

मग विंडोजच्या दुकानाची नवी रीत वाचली. सॉफ्टवेअर त्यांना हव्या त्या पेटीत, एमएसआयएक्समध्ये, बांधून दिलं तर सही मायक्रोसॉफ्टच करतं, फुकट. ज्या सहीसाठी मी हजारो मोजणार होतो ती दुकानात गेलं की अशी मिळते. दुकान आता माल विकायला नाही तर सही वाटायला उघडं आहे की काय, असं मला तेव्हा वाटून गेलं. दोन रविवार घालवले, पेटी बांधली, पाठवली. मंजूर झाली.

मृग बहाराच्या तोंडावर कळमन्याला गेलो. मुनीमजींच्या मशीनवर दुकान उघडलं, नाव टाइप केलं, बटण दाबलं. निळी पाटी नाही, काही नाही. एका बोटात आलं. मुनीमजी पडद्याकडे बघत राहिले.

"आता हे यांचं झालं का?"

"नाही हो, माझंच आहे. फक्त यांच्या दुकानातून येतं."

"मग काटा अडला तर फोन कोणाले करायचा? तुम्हाले का यांले?"

"मला."

त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढला आणि माझा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या जुन्या पट्टीवर, पुसट झाला होता म्हणून, पुन्हा ठळक गिरवला.